पात्याच्या वाटेतलं बोट

घडीचा चाकू मिटवताना अंगठा थेट पात्याच्या वाटेत ठेवावा लागेल, असं लॉक ज्यानं कुणी पहिल्यांदा काढलं, त्यानं ते खुर्चीत बसून काढलं असणार. हाताला चिखल नाही, मागून कुणी "आवरा की!" म्हणून ओरडत नाही, आणि दोन्ही हात धडधाकट! बरं, त्याचं एक सोडा. त्याच्यानंतर ज्यांनी ज्यांनी ते वापरलं, बोट कापून घेतलं, आणि तरीही पुन्हा तस्संच बनवून विकलं, त्यांचं काय?

हे मी आमच्या कारखान्यात इतक्या वेळा म्हटलंय की आता मी तोंड उघडलं रे उघडलं की दत्ताभाऊ लेथ चालू करतात.

आमचा कारखाना म्हणजे उद्यमनगरातलं एक पत्र्याचं शेड. विळे, कोयते, छाटणीच्या कात्र्या असली शेतीची हत्यारं आम्ही बनवतो. मालक बापू. लेथ आणि फिटिंग दत्ताभाऊंकडं. झाडलोट, चहा आणि सगळ्यांना दम देणं हौसामावशींकडं. आणि ड्रॉइंग काढायला मी. लेथखालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कीस साचावा तसे इथं किस्से साचतात. कितीही झाडून काढा, दुसऱ्या दिवशी चपलेत एखादा सापडतोच. कॉलेजचे मित्र भेटले की पहिला प्रश्न, "काय म्हणताहेत चाकूवाले?" म्हटलं, एकदा ओळीनं सांगूनच टाकावं.

*

मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले, तेव्हा बापूंसमोर लॅपटॉप उघडला आणि घडीच्या चाकूच्या लॉकची माझी ड्रॉइंग दाखवायला लागले. एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला बापूंनी हात पुढं केला आणि लॅपटॉप हळूच मिटवला.

"ह्यो झकास मिटतोय. बोट बी सापडत न्हाय," ते म्हणाले. "पण पोरी, घडीचा चाकू आमी करत न्हाय."

"का?"

"बंद केला."

"पण का?"

"उद्यापास्नं ये. विळ्याच्या मुठी ढिल्या व्हत्यात, त्येचं बग कायतरी."

का, ते दत्ताभाऊंनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं.

बापूंची थोरली बहीण शेवंताक्का. शिरोळच्या बाजूला त्यांची रोपवाटिका आहे. आंब्याचं कलम बांधण्यात आक्कांचं नाव होतं. गिऱ्हाईक "आक्कांच्या हातचं द्या" म्हणून मागून घ्यायचं. आक्का कायम बापूंनी बनवलेला घडीचा चाकू वापरायच्या. त्याला लॉक नव्हतं, नुसती स्प्रिंग. मी यायच्या आदल्या पावसाळ्यात कलम बांधायच्या एका जून खुंटात पातं अडकलं, आक्कांनी हिसका दिला आणि चाकू मिटला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. बोट राहिलं, पण वळेनासं झालं. आक्कांनी कलम बांधायचं सोडलं. आणि बापूंनी घडीचा चाकू सोडला.

"आक्का काय बोलल्या बापूंना?"

"न्हाय वं. एका शब्दानं न्हाय! त्येच तर झालंय," दत्ताभाऊ म्हणाले. "तवापास्नं बापू शिरोळला गेलेलं न्हाईत. राखीला आक्काच आलती हितं. तिला गाठ मारता येईना. शेवटी हौसामावशीनं मारली. त्या दिशी शेड दुपारीच बंद."

मी विळ्याच्या मुठी बाजूला ठेवल्या. बापूंना मोठ्यानं सांगितलं, की लॉक नसलेला चाकू बंद करून उपयोग नाही, चांगलं लॉक असलेला चाकू बनवायला पाहिजे, आणि तो आक्कांनाच पहिला द्यायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर लॉकला लागते तसली स्प्रिंग स्टीलची एक पट्टी होती.

"कुणी ठेवली?" मी विचारलं.

"पडून हुती," पलीकडून बापू म्हणाले.

*

नवं लॉक केलं की चाचणी आली. पातं उघडायचं, पाठीवर दाब द्यायचा आणि मिटतं का बघायचं. मिटलं तर बोटाचं काय होतं, तेही बघायचं. बोट कुणाचं? कुणीच पुढं येईना! मग मी मंडईतून भेंडी आणली. कोवळी, साधारण बोटाएवढी. मुठीवर जिथं बोट येतं तिथं भेंडी बांधायची आणि दाबायचं.

पहिली भेंडी गेली. दुसरी गेली. त्या आठवड्यात आमच्या टेबलावर भेंड्यांची नुसती कत्तल चालली होती. अन्न वाया नको, म्हणून हौसामावशी संध्याकाळी ते सगळं पदरात बांधून घरी न्यायच्या.

एक दिवस मी नव्या लॉकचं ड्रॉइंग घेऊन नाचत आले. मावशींनी चहाचा कप ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? आता जरा वांगी घ्या की. भेंडी बगितली की आमचं मालक ताटावरनं उठालेत!"

*

दत्ताभाऊंचा एक नियम आहे. धारेचं हत्यार हातातून हातात घ्यायचं नाही. खाली ठेवायचं, मग समोरच्यानं उचलायचं. नाहीतर भांडण होतं. कात्री असो, पातं असो, नाहीतर साधं ब्लेड असो.

आता मला सांगा, दिवसातून पन्नास वेळा चाकू इकडून तिकडं जातोय. मी पुढं करायची, ते हात मागं घ्यायचे. मी टेबलावर ठेवायची, मग ते उचलायचे. एकदा माझा संयमच संपला.

"भाऊ, घ्या की हातात! एकविसावं शतक आहे!"

"खाली ठेवा."

"काही होत नाही!"

"खाली ठेवा म्हटलं न्हवं!"

"याला काही शास्त्रीय आधार आहे का?"

"सगळ्यालाच कशाला पायजे आधार? खाली ठेवा!"

आवाज इतका चढला की शेजारच्या शेडमधले दोघं दारात येऊन उभे राहिले. मी रागानं चाकू टेबलावर आपटला. दत्ताभाऊंनी तो शांतपणे उचलला आणि त्या दोघांकडं बघून म्हणाले, "बगितलंसा? नुसता पुढं केला तर एवढं झालं. घेतला असता तर?"

*

माझ्या लक्षात आलं, की मी लॉक करतेय ते माझ्या हातासाठी. आक्कांचं बोट वळत नाही, ते मला कसं कळणार? म्हणून एक दिवस उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला आइस्क्रीमची काडी लावली, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि ठरवलं, आज दिवसभर असंच.

एकही साधी गोष्ट सोपी राहिली नाही हो! पेन धरता येईना. मिसळीत पाव बुडवायचा तर पाव कटात पोहायला लागला. चाकू तर सोडाच. उजव्या हातानं पकडच बसेना. तेव्हा कळलं, की आक्कांना काही करायचं तर डाव्या हातानंच करावं लागेल, आणि आतापर्यंतची माझी सगळी लॉक उजव्या हाताची!

बापूंनी माझं बांधलेलं बोट बघितलं. बाहेर जाऊन बराच वेळ रस्त्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, उगाच केलं आपण, त्यांना लागलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर बापूंच्या उजव्या हाताच्या बोटाला काडी आणि पट्टी! दत्ताभाऊंच्याही! तिघंही डाव्या हातानं धडपडत होतो. दुपारी कुरिअरवाला आला. सही घ्यायला त्यानं कागद पुढं केला. बापूंनी बोट दाखवलं. त्यानं दत्ताभाऊंकडं बघितलं. त्यांनी बोट दाखवलं. मग माझ्याकडं बघितलं.

कुरिअरवाल्यानं कागद घडी करून खिशात घातला. "बापू," तो कळवळून म्हणाला, "एकाच मशीननं तिघांची बोटं खाल्ली व्हय? इकून टाका की ते!"

*

मग जमलं. मुठीला आरपार एक छोटी आडवी पिन. पातं उघडलं की ती स्प्रिंगच्या जोरानं पात्याच्या बुडाशी येऊन बसते, आणि पातं अडकतं. पिनेची दोन टोकं मुठीच्या दोन्ही अंगांना बाहेर येतात. मिटवायचं असेल तर ती चिमटीत धरून मागं ओढायची. बोटं मुठीच्या बाजूंवर राहतात, पात्याच्या वाटेत येतच नाहीत. आणि चिमूट डाव्या हाताची आहे की उजव्या, याचं पिनेला काहीच देणंघेणं नाही!

या जातीचं लॉक जगात आधीपासून आहे, हे मला माहीत आहे. पण ते खिशात मिरवायच्या महागड्या चाकूंत. आमचं राब राब राबणाऱ्या हातासाठी होतं. म्हणून आम्ही पिनेची टोकं चांगली जाड, खरबरीत ठेवली.

त्या आनंदात मी चाकू पर्समध्ये टाकून थेट अंबाबाईच्या देवळात गेले. पर्समध्ये चाकू घेऊन देवळात जायचं नसतं, हे रांगेत पुढं सरकल्यावर आठवलं. तपासणीच्या टेबलाशी सिक्युरिटीच्या मामांनी तो बाहेर काढला.

"ह्ये काय?"

"कलमाचा चाकू. त्याला नवीन लॉक आहे. दाखवू?" मी उत्साहात म्हणाले.

"तुमी लांब उभं ऱ्हावा. मी बगतो."

त्यांनी उघडला. टक! लॉक बसलं. मग मिटवायला गेले. मिटेना. पाठीवर दाबलं, खालून दाबलं, टेबलावर टेकवून दाबलं. मी मनातून इतकी खूश, की विचारू नका! इतका दाब तर आम्ही भेंडीवरही दिला नव्हता. मागं रांग तुंबली. एक दादा पुढं आले, त्यांनी जोर लावला. नारळाच्या पिशव्या खाली ठेवून आणखी एकानं प्रयत्न केला. मामांच्या कपाळाला घाम. उघडा चाकू हातात धरून देवीच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय!

शेवटी मामा म्हणाले, "मॅडम, देवीला आज हितनंच नमस्कार करा. पण जायच्या आधी ह्येला मिटवायचं तेवढं शिकवून जावा!"

*

खंडेनवमीला शेडमधली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लेथला हार, ड्रिलला हार, माझ्या लॅपटॉपलाही झेंडूचं फूल. आमच्या चाकूला मावशींनी मधोमध बसवलं होतं. दसऱ्यानंतर तो शिरोळला जायचा होता, म्हणून त्याच्यावर जरा जास्तच माया. पात्याला हळद, मुठीला कुंकू, पिनेला वेगळं कुंकू, वर तेलाचं बोट आणि अक्षता.

दसऱ्यानंतर चाकू उघडला. टक आवाजच आला नाही! पिन अर्ध्यात अडकलेली. हळद, कुंकू आणि तेल यांचा आत चिखल झाला होता.

मी जाम भडकले. "मावशी, हे मशीन आहे! याच्या पोटात कुंकू कशाला घालायचं?"

मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मला काय ठावं! आक्काला चाललाय म्हणून नीट लावलं वं..."

त्यांचा चेहरा बघून माझा राग जागच्या जागी विरला. आणि बापू चाकू हातात घेऊन बघतच बसले. पिनेवरचं कुंकू नखानं काढत म्हणाले, "पोरी, शिरोळला पूर येऊन गेल्यावर गाळ कसा असतोय बगितलाईस? ह्येच्यावानी. असाच बारीक, असाच चिकाट."

खरंच की! रोपवाटिकेत हात कायम मातीत. तिथं आमचं लॉक दोन दिवसांत असंच बसलं असतं, आणि अर्धवट बसलेलं लॉक म्हणजे पुन्हा बोटाशी गाठ. मी मूठ खालून मोकळी केली, पिनेच्या खाचा रुंद केल्या. आता कितीही चिखल जाऊ दे, नळाखाली धरला की सगळं धुऊन बाहेर.

नवा चाकू तयार झाला, तेव्हा मी तो मावशींसमोर ठेवला. म्हटलं, "लावा कुंकू. भरपूर लावा."

मावशींनी कुंकवाचा करंडा घट्ट मिटून धरला. "नगं बया! एकदा लावलं तर तुमी मशीन बदललंसा. आता लावलं तर शेड बदलशीला!"

*

शिरोळला बापू यायला तयार नव्हते. "तुमी दोघं जावा" असं म्हणत म्हणत शेवटी जीपमध्ये बसले, ते सुद्धा मागच्या सीटवर.

आक्का शेडनेटमध्ये सावलीला बसल्या होत्या. सून शालन कलमं बांधत होती आणि आक्का बसल्या जागेवरून तिला सूचना देत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा कोडोलीचे एक काका टेम्पो घेऊन आले होते. त्यांना आक्कांच्या हातची कलमं पाहिजे होती.

"माझ्या हातची आता मिळत न्हाईत, काका," आक्का म्हणाल्या. "शालनची न्हेवा. बेस हाईत."

"असतीलच की. पण माझ्या बांधावरची समदी तुमच्या हातची हाईत, आक्का," काका म्हणाले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. आक्का टेम्पोच्या धुरळ्याकडं बघत राहिल्या.

मग आम्ही चाकू ठेवला. दत्ताभाऊंच्या नियमाप्रमाणे पाटावर. आक्कांनी डाव्या हातानं उचलला, उघडला, टक! पाठीवर दाबून बघितलं. हलला नाही. चिमटीनं पिन ओढून मिटवला. पुन्हा उघडला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. माझ्या डोळ्यांत तर पाणीच.

"बांधा एक!" मी म्हणाले. मला कुठला दम!

आक्कांनी डाव्या हातानं कलमाच्या काडीला तिरका काप दिला. काप वाकडा आला. दुसरा दिला, तोही पोटात खोल गेलेला. काडी खुंटात बसवून त्यांनी उजेडाकडं धरली. दोन्हींच्या मधून लख्ख उजेड दिसत होता. असं कलम जगत नाही. आक्कांनी चाकू मिटवला आणि पाटावर ठेवला.

"चाकू लई चांगला केलाय," त्या म्हणाल्या. "माझा हातच गेला आता."

मागं उभ्या असलेल्या बापूंनी ती काडी उचलली, कापावरून अंगठा फिरवून बघितला, मग पातं उलटंपालटं करून चाकूची धार बघितली. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते. उजव्या हाताच्या चाकूला एका अंगानं, डाव्या हाताच्याला बरोबर उलट. आणि बापूंनी आयुष्यभर लावली तशीच याही पात्याला धार लावली होती. उजव्या हाताची! मी लॉकमध्ये इतकी बुडालेली, की पात्याला धार असते हेच विसरले होते.

"हात न्हाय गेला, आक्का," बापू पात्यावर बोट ठेवून म्हणाले. "माझा हात चुकला."

जीप परत निघाली. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं. मग दत्ताभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुलूप फस्कलास बशीवलं. दार तेवढं उलटं लावलं."

*

डाव्या हाताचं पातं बापूंनी स्वतः घासलं. कुणाला हात लावू दिला नाही. त्यांचा हात सवयीनं जुन्याच अंगाला जायचा. मग ते थांबायचे, पातं उलटं करायचे, पुन्हा सुरू. त्यात कितीतरी पाती बिघडली. मला घाई झाली होती, पण त्या दिवसांत मी पहिल्यांदाच तोंड मिटून बसले.

थंडी सुरू झाली होती. या वेळी बापू जीपमध्ये पुढं बसले.

आक्कांकडं कोडोलीचे काका होते, पपईची रोपं न्यायला आलेले. शालन ट्रे मोजून टेम्पोत ठेवत होती. बापूंनी खिशातून चाकू काढला आणि पाटावर ठेवायला वाकले. आक्कांनी डावा हात पुढं केला.

"दे हातातच."

"भांडण व्हतंय, आक्का."

"होऊ दे की," आक्का म्हणाल्या. "वरीस झालं, भांडला न्हाईस माझ्यासंगं."

मी दत्ताभाऊंकडं बघितलं. ते वर शेडनेटकडं बघत होते.

बापूंनी चाकू आक्कांच्या हातात दिला. आक्कांनी उघडला. टक! पहिला काप दिला. काप जरा लहानच आला, पण सपाट आला. काडी उलटी करून दुसरा दिला. शालन हातातला ट्रे तसाच धरून उभी. आक्कांनी खुंटाला चीर दिली, काडी बसवली आणि उजेडाकडं धरली. मधून उजेड दिसला नाही. पट्टी गुंडाळताना ताठ बोट सारखं आड येत होतं. शालन मदतीला वाकली, तर आक्कांनी तिला कोपरानं बाजूला केलं, पट्टीचं टोक दातात धरलं आणि गाठ मारली. मग चिमटीनं पिन मागं ओढली, पात्याची पाठ मांडीला टेकवली आणि चाकू मिटवला. त्या आवाजाला बापू दचकले. आक्कांनी पाचही बोटं पसरून त्यांना दाखवली.

काका टेम्पोचं मागचं फळकूट अर्धवट लावून जवळ आले होते. वाकून कलम बघत होते.

"अजून हात बसला न्हाय, काका," आक्का म्हणाल्या. "त्यातनं थंडीत बांधलंय. लागंल का न्हाय, सांगता येत न्हाय. तुमच्यासाठी पावसाळ्यात बांधू."

काकांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

"पावसाळ्यातली पावसाळ्यात बगू," ते म्हणाले. "ह्ये पयलं तेवढं माझ्या नावानं ठिवा. वाळलं तरी न्यायला येतो."